दोन चाळीस ते दोन पन्नास

पोपटी हिंगोराणी गुरुवारी यायच्या,
पिशवीत उजवीकडून सुरू होणारे कागद घेऊन.
आमच्या हिशेबानं त्यांचं पहिलं पान शेवटचं.
काचेच्या अलीकडे मी, पास्कू डाबरे,
चर्चगेटच्या स्टुडिओतला रेकॉर्डिस्ट,
सिंधीतला एक शब्दही न कळणारा,
आणि तरी सतरा वर्षांत त्यांचा एक श्वासही न कापलेला.

आधी अर्धा तास होता. मग वीस मिनिटं.
मग क्रिकेटच्या सोयीनं दहा,
आणि तीही अशा वेळी, जेव्हा ऐकणारे म्हातारे
नेमके जेवून आडवे झालेले.
बाई म्हणाल्या, "चालेल, झोपेत ऐकतील,"
आणि बातम्यांतून हवामान काढून टाकलं.

त्यांच्या भाषेत चार अक्षरं अशी आहेत
जी बोलताना श्वास आत ओढायचा असतो.
ग, ज, ड, ब. प्रत्येकाच्या खाली एक रेघ.
चहाच्या वेळी शिकवायच्या मला :
"घोट गिळतोयस असं समज, आणि बोल."
माझा प्रत्येक ब बाहेरच सांडला.
बाई हसत हसत टेबल पुसायच्या.

मग फर्मान आलं, मजकूर आधी मंजूर करून घ्या,
देवनागरीत, टाइप करून, तीन प्रतींत.
आमच्या कॉम्प्युटरला ती रेघ येत नव्हती.
बाई छापील कागद मांडीवर घेऊन बसायच्या,
बॉलपेननं, पट्टी न लावता,
अक्षराखाली रेघ, अक्षराखाली रेघ,
नव्वदेक तरी असतील एका पानावर.
मंजुरी देणाऱ्या साहेबांना वाटलं
बाई महत्त्वाचे शब्द अधोरेखित करतायत.

श्रोत्यांची पत्रं यायची, बहुतेक भांडणाचीच.
चेंबूर कॅम्पातले कुणी गोविंदराम लिहायचे,
तुम्ही अमुक शब्द शिकारपुरी वळणानं म्हटलात,
आमच्याकडे असं कुणी म्हणत नाही.
आमच्याकडे म्हणजे कुठे, गोविंदराम?
बाई पोस्टकार्ड पर्समध्ये ठेवायच्या,
पुढच्या गुरुवारी तो शब्द दोन्ही वळणांनी म्हणायच्या.
पाच सेकंद जायचे. मी घड्याळाकडे बघायचो नाही.

एकदा युरोपच्या पार वरच्या टोकाकडून एक पाहुणी आली.
तिकडे रेनडिअर पाळणाऱ्यांच्या भाषेत
ती रोज सकाळी बातम्या देते म्हणे,
मुलांसाठी गोष्टी वेगळ्या, टीव्ही वेगळा.
साहेबांनी विचारलं, ऐकणारे किती?
ती म्हणाली, दोन हजार.
साहेबांनी वहीत दोन लाख लिहिलं,
दुरुस्त केल्यावर पेन खाली ठेवलं.
"एवढ्यांसाठी? रोज?"
तिला प्रश्न कळलाच नाही.
तिनं दुभाष्याकडे पाहिलं,
दुभाष्यालाही तो नीट मांडता येईना.
बाईंनी पिशवीतून तिला पापड दिला,
तिनं उभ्या उभ्याच कडकडून खाल्ला.

मे महिन्यात पत्र आलं, श्रोतृसंख्येअभावी इत्यादी.
शेवटच्या गुरुवारी बाई नेहमीसारख्या वाचून उठल्या,
हेडफोनची वायर गुंडाळून ठेवली,
तसं करायची गरज नसते, ते माझं काम आहे.
मी टेपवर तारीख घातली.

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही.
आमच्या घरची भाषा कादोडी, वसईकडची.
तिच्या नावावर रेडिओचा एक मिनिट कधी लागला नाही,
दहाचे पाच करायलाही नाही.
रोज सकाळी स्टुडिओ रिकामा असताना
माइकची पातळी बघायला सगळे एक दोन तीन म्हणतात.
मी माझ्या आईच्या भाषेत विचारतो,
जेवलास का, आणि मासळी कुठली होती.
सुई छान वर जाते, तांबड्याच्या जरा अलीकडे थांबते.
मग मी ते पुसतो.

आज गुरुवार आहे. दोन चाळीस झालेत.
त्या वेळेत आता साबणाची जाहिरात लागते.
आज सकाळचं अजून पुसलेलं नाही.